न घेतलेली गाडी

आमच्या घरात गाडीच्या बाबतीत शेवटचा शब्द थोरल्या दिरांचा. हा मान त्यांना कुणी दिला, हे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही. भाऊजींनी आयुष्यात कधी बॉनेट उघडलं असेल तर ते पूजेला हळदीकुंकू वाहण्यापुरतं. पण गाडीचा रंग कुठला, सीटकव्हर कसलं, मागच्या काचेवर देवीचं नाव केवढ्या अक्षरात, हे सगळं ते ठरवतात आणि बाकीचे माना डोलावतात. त्यामुळे त्या वर्षी त्यांनी स्वतःहून विजेवर आणि पेट्रोलवर अशी दोन्हीवर चालणारी एसयूव्ही बघायची टूम काढली, तेव्हा त्यांना कुणीतरी हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय हे मी ओळखलं.

ही गोष्ट दोन हजार सतरा-अठराच्या सुमाराची. खाडीकाठचं आमचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं होतं. मिळालेल्या प्लॉटवर घर बांधून होईपर्यंत आम्ही सुकापूरला एका इमारतीत राहत होतो, समोरासमोरचे दोन फ्लॅट घेऊन. एकात भाऊजी आणि जाऊबाई, दुसऱ्यात मी, माझा नवरा आणि सासूबाई. जमिनीचे पैसे आले की आमच्याकडे आधी घर निघतं, मग लग्न आणि मग गाडी. घराचं काम चालू होतं, पुतणीचं लग्न दणक्यात झालं होतं, आता गाडीची पाळी होती. भाऊजींच्या ओळखीच्या एका बिल्डरने अशी गाडी घेतली होती, आणि तेव्हापासून तो भेटेल त्याला प्रदूषणावर प्रवचन देत सुटला होता. भाऊजींना प्रदूषणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

माझा नवरा एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होता. त्याने रात्रीच्या जेवणाला आम्हाला प्लग-इन हायब्रिड म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बॅटरी मोठी असते, ती घरच्या जाड प्लगवर लावून भरायची. एकदा भरली की पनवेलहून उरणपर्यंत जाईल इतपत अंतर गाडी नुसत्या विजेवर चालते. ती संपली की पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू होतं, त्यामुळे मध्येच अडकायची भीती नाही. किंमत मी इथे लिहीत नाही. आमच्यासारख्या मिठागरातून वर आलेल्या घराने तो आकडा मोठ्याने उच्चारू नये, असं मला आजही वाटतं.

सासूबाई जेवत होत्या. गाडीच्या गप्पांत त्या कधी पडत नसत, कारण त्यांना गाडी लागायची. लागायची म्हणजे किती, तर रिक्षा नाक्यावर वळली की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. लिंबू हुंगून झालं, आवळासुपारी झाली, डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. गोळीने उलटी थांबायची, पण मग त्या दुसऱ्या दिवसापर्यंत गुंगीत असायच्या. डिझेलचा वास आणि इंजिनाची थरथर या दोन गोष्टी त्यांना सहन होत नसत. चालत जाता येईल तेवढीच लग्नं त्यांनी आयुष्यात पाहिली.

होडीचं मात्र त्यांना काही नव्हतं. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या मावशी, खाडीपलीकडे उरणच्या बाजूला दिलेल्या. गाव होतं तोवर महिन्यातून एकदा तरी भरती बघून सासूबाई धक्क्यावर जायच्या, ओळखीच्या होडीत बसायच्या आणि पलीकडे उतरायच्या. वारा असो की लाटा, पोटातलं पाणी हलायचं नाही. दिवसभर बहिणीकडे बसून संध्याकाळच्या भरतीला परत. पुढे डोंगर फोडला, त्याच्या मातीने खाडी भरली, धक्का त्या भरावाखाली गेला आणि गावही गेलं. आता मावशींकडे जायला उरला फक्त रस्ता, कंटेनरच्या ट्रेलरनी गच्च भरलेला. सासूबाई एकदा जीपमधून गेल्या तेव्हा पोचल्यावर दिवसभर खाटेवर आडव्या होत्या. बहीण उशाशी बसून राहिली आणि एक शब्दही न बोलता दोघींची भेट आटोपली. तेव्हापासून त्यांनी जायचं नाव टाकलं. मावशींचं पडल्यापासून कंबरेचं दुखणं, त्यांना उंबरा ओलांडणंही जड. मग दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या. काय रांधलंस, जवला मिळाला का, कुणाची सून बाळंत झाली. भेट म्हणायची ती एवढीच.

हे सगळं मी सांगितलं, कारण त्या गाडीचं खरं गिऱ्हाईक कोण होतं ते आम्हाला कुणालाच आधी ठाऊक नव्हतं.

शोरूमवाल्याने गाडी थेट सुकापूरला आणली. टाय लावलेला, अत्यंत अदबशीर माणूस. आमच्याकडे एक रीत आहे. मोठी वस्तू घ्यायची तर ठरवायच्या आधी तिला आईचा पाय लागला पाहिजे. ट्रॅक्टर घेतला तेव्हा, प्लॉट बघितला तेव्हा, सासूबाईंनी उजवा पाय टेकवला होता. गाडीत त्या फक्त क्षणभर बसायच्या आणि उतरायच्या, तेवढ्याने त्यांचं आणि आमचं काम व्हायचं. त्याही दिवशी त्या खाली आल्या, उजवा पाय आत ठेवला आणि मागच्या सीटवर टेकल्या. मी शेजारी बसले, त्यांना उतरायला हात द्यायला. भाऊजी पुढे बसले होते, नवरा आमच्या मागच्या तिसऱ्या रांगेत चढला. शोरूमच्या माणसाला आमच्या रीतीचं काय माहीत? आजी बसल्या म्हणजे सगळे बसले, असं समजून त्याने अदबीने दार लावलं, स्टिअरिंगवर बसला आणि गाडी काढली.

आवाज नाही, थरथर नाही. मला स्वतःला गेट मागे गेल्यावर कळलं. मी भाऊजींना हाक मारणार, तेवढ्यात सासूबाईंकडे पाहिलं. त्या दार उघडायची वाट बघत शांत बसल्या होत्या, नजर मांडीवरच्या हातांवर. नवरा मागून कुजबुजला, थांबवू का? मी मानेनेच नको म्हटलं. नवीन पनवेल गेलं, पुलावरून वळण गेलं, मी मनातल्या मनात देवीला हात जोडत होते आणि पर्समध्ये प्लास्टिकची पिशवी चाचपत होते.

पळस्पे फाट्याच्या जवळपास त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं, "गारी कवा चालू होनार?"

भाऊजी पुढे पोट धरून हसायला लागले. सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर झाडं मागे जात होती. त्यांनी सीटची कड घट्ट धरली, आता होईल मग होईल म्हणून डोळे मिटले, आणि काहीच झालं नाही. थोड्या वेळाने त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. गोवा हायवेला लागलो, कर्नाळ्याचा सुळका दिसायला लागला, आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी गाडीत कधी ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं, काचेला नाक लावून डोंगर बघत होत्या. अभयारण्याच्या दाराशी आम्ही उतरलो. टपरीवर चहा घेतला. त्यांनी चक्क वडा खाल्ला आणि परत गाडीत बसल्या. येतानाही काही झालं नाही. शोरूमच्या माणसाचं एवढं कौतुक झालं की त्याला वाटलं गाडी विकलीच गेली.

त्या संध्याकाळी सासूबाईंचा बाल्कनीतला फोन नेहमीपेक्षा बराच लांबला. मी दोरीवरचे कपडे काढत होते, म्हणून थोडं कानावर पडलं. आवाज नाय गो, वास नाय, होरीत बसल्यासारकं, असं काहीतरी चाललं होतं. त्या हसत होत्या. नवऱ्याला गावाबरोबर त्यांचं ते हसणंही गेलंसं वाटायचं. तो हातातला पेपर बाजूला ठेवून ऐकत बसला.

पुढच्या रविवारी आम्ही ठरवायला बसलो. ठरवायला बसणं म्हणजे भाऊजींनी बोलणं आणि आम्ही मटण वाढून घेणं. मला वाटत होतं गाडी येणार. पण मधल्या दिवसांत भाऊजी चार लोकांशी बोलून आले होते, आणि चार लोकांनी त्यांचं डोकं फिरवलं होतं. हळदीला, लग्नाला एवढी मोठी गाडी मांडवाशी येणार आणि ती आल्याचं कुणाला कळणारही नाही, हे त्यांना पटत नव्हतं. आमच्या लोकांना गाडी आलेली ऐकू यावी लागते. शिवाय इमारतीच्या पार्किंगमध्ये प्लग घ्यायचा तर मीटर कुणाचा, यावरून सेक्रेटरीने आधीच तोंड वाकडं केलेलं. ते सगळं मिटलं असतं. नवऱ्याने तसं सांगितलंही. पण भाऊजींचा खरा राग होता भरण्याच्या वेळावर.

"उरणला गेलं की बॅटरी खलास," ते म्हणाले. "मग काय, तिथं गाडी खांबाला बांधून वैरण घालत बसायची?"

नवरा म्हणाला, येताना पेट्रोलवर येता येतं. भाऊजी म्हणाले, पेट्रोलवरच यायचं तर एवढे पैसे कशाला घालायचे. मी म्हटलं, आईंना लागली नाही, हे काही कमी आहे का? भाऊजींचंही आईवर प्रेम आहे, ते काही दगड नाहीत. ते म्हणाले, महागाची गाडी कुठलीही लागत नाही, डिझेलची मोठी घेऊ, तीही अशीच असते, आता पूर्वीसारखी डिझेलं राहिली नाहीत. एवढ्या खात्रीने म्हणाले की माझाही विश्वास बसला.

मग त्यांनी आईला विचारलं. विचारलं म्हणजे विचारायची पद्धत पाळली. सासरे गेल्यापासून सासूबाई थोरल्याच्या शब्दापलीकडे कधी गेल्या नव्हत्या. कशालाही, तुमी ठरवाल तसा, एवढं त्यांचं उत्तर. पण त्या दिवशी त्यांनी लगेच ते म्हटलं नाही. ताटातला भात बोटांनी गोळा करत त्यांनी विचारलं, "एकदा भरायला किती येल लागतं?"

"तीन-चार तास," भाऊजी म्हणाले. "एवढा वेळ कोण बसतं कुणाच्या दारात?"

"लय येल लागतं," त्या म्हणाल्या, आणि मग नेहमीचं म्हणाल्या, तुमी ठरवाल तसा.

झालं. भाऊजींनी आमच्याकडे असं पाहिलं की बघा, आईलाही पटलं. आम्हालाही तेच वाटलं. एक म्हातारी बाई पहिल्यांदा गाडीबद्दल काही विचारते आणि उत्तर ऐकून लय येल म्हणते, यातून दुसरं काय काढणार? तो प्रश्न आम्ही त्या गाडीच्या विरोधात धरला.

दसऱ्याला डिझेलची आली. काळी, दांडगी, चावी फिरवली की पार्किंगमधली कबुतरं उडायची. भाऊजी खूश. पेढे वाटले, देवीचं नाव काचभर लिहून घेतलं, कार्ल्याला जाऊन आले. सासूबाईंनी उजवा पाय टेकवला, क्षणभर बसल्या आणि इंजिन सुरू व्हायच्या आत उतरल्या. दोन-तीनदा आम्ही त्यांना बसवून बघितलं. खांदा कॉलनीपर्यंतसुद्धा टिकल्या नाहीत. गाडी नवी होती, गुळगुळीत होती, पण त्यांच्या पोटाला ती डिझेल आहे हे न सांगता कळत होतं. भाऊजी ओशाळले. होईल सवय, म्हणाले. मग त्यांनीच तो विषय सोडून दिला.

पुढे एकदा भाजी निवडताना सासूबाईंनी मला त्या बिल्डरची गाडी अजून चालते का म्हणून विचारलं. मी म्हटलं चालते, परवाच विचुंब्याला दिसली. बरं हाय, असं म्हणून त्या पुन्हा मेथीच्या जुडीकडे वळल्या. मी तेव्हाही आणखी काही विचारलं नाही. कामाच्या घाईत माणूस किती गोष्टी कानावरून जाऊ देतो, याचा विचार आता मनात आला की मला स्वतःचाच राग येतो.

मावशी गेल्या तो फोन सकाळी आला. झोपेतच गेल्या. आमच्याकडे बाई गेली की माहेरची साडी अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत, आणि मावशींच्या माहेरचं म्हणून एकच माणूस शिल्लक होतं. सासूबाईंनी कपाटातून एक कोरी हिरवी साडी काढली. गोळी देऊ का म्हणून मी विचारायच्या आत म्हणाल्या, गोली नको, झोप येल. आणि सासूबाई त्या काळ्या गाडीत बसल्या.

तो प्रवास मी विसरू म्हणते. गव्हाण फाट्याच्या पुढे ट्रेलर एकामागे एक उभे होते. पुढे डिझेल, मागे डिझेल, काच उघडली तर धूर आणि बंद केली तर घुसमट. किती वेळा थांबलो ते मोजलं नाही. प्रत्येक वेळी त्या रस्त्याकडेला वाकायच्या, मी पाठ धरायची, भाऊजी पाण्याची बाटली घेऊन उभे राहायचे. साडीची पिशवी मात्र त्यांनी हातातून सोडली नाही. पोचलो तेव्हा सगळं गाव आमच्यासाठी खोळंबलं होतं. त्यांना दोन बायकांनी धरून आत नेलं. त्यांनी साडी पांघरली, बहिणीच्या गालावरून हात फिरवला, आणि त्यांना पुन्हा मळमळलं. त्यांना बाहेर आणावं लागलं. तेवढ्यात मयत उचललं.

पुरुष माणसं स्मशानात गेली. सासूबाईंना मी ओटीवर भिंतीला टेकवून बसवलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांच्या डोक्याशेजारी भिंतीवर एक नवा पांढरा बोर्ड होता, जाड पिनांचा, एसीला असतो तसला. पाऊस लागू नये म्हणून वर पत्र्याचा तुकडा ठोकलेला. समोरच्या अंगणात शेवग्याच्या खालच्या फांद्या तोडून जागा मोकळी केलेली. पुरुष परतले, भाऊजी अंगणातल्या नळावर हातपाय धुवायला लागले. काहीतरी बोलायचं म्हणून मी मावशींच्या सुनेला विचारलं, पाण्याच्या पंपाला घेतलात का हा प्लग?

"पंपाला नाय, वयनी," ती म्हणाली. "सासूनी लावून घेतला. मोठ्या बायची गारी येनार हाय म्हनली, विजेची. हितं लावायची. भरंतवर तिला बसावंच लागल, तीन-चार तास तरी, मंग तवर आमी दोगी निवांत बोलू. शेवगा पन तिनीच तोरायला लावला. मंग कललं तुमी ती गारी नाय घेतली. मी म्हनली, कारून टाकू का. तर म्हनली, ऱ्हाऊ दे, घेतील."

नळ चालू होता. भाऊजींचे हात केव्हाच धुऊन झाले होते. ते तसेच वाकून उभे राहिले, पाणी पायांवरून वाहत राहिलं, शेवटी माझ्या नवऱ्याने पुढे होऊन नळ बंद केला.

तो तीन-चार तासांचा वेळ, जो आम्ही जेवणाच्या ताटावर त्या गाडीचा सगळ्यात मोठा दोष म्हणून मोजला होता, तोच त्या दोघींना हवा होता. मागायचा कसा हे मात्र सासूबाईंना माहीत नव्हतं. सून असताना दिवसभर माहेरच्या माणसाकडे बसायला त्यांना भरतीचं कारण लागायचं. होडी सुटत नाही म्हणून थांबले, असं सांगता यायचं. पुढे त्यांना गाडीचं कारण मिळालं होतं, आणि ते आम्ही काढून घेतलं. मला त्या ओटीवर इतकं वाईट वाटलं की रडूसुद्धा येईना.

मयताच्या घरून येतो म्हणून निघत नाहीत, नुसतं उठून चालू लागायचं. अंधार पडायच्या आत ट्रेलरची गर्दी चुकवावी म्हणून नवऱ्याने आईला हात पुढे केला. सासूबाईंनी तो धरला नाही.

"तुमी जा," त्या म्हणाल्या. "मी बसतंय."

"किती वेळ, आई?" भाऊजींनी विचारलं. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"तीन-चार तास."

ओटीच्या कोपऱ्यातली खुर्ची भाऊजींनी अंगणात ओढली आणि तिच्यावर बसले. मावशींच्या सुनेने कोरा चहा आणला, तो निवून गेला. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाहेर रस्त्यावर आमची गाडी उभी होती. टाकी भरलेली होती, आणि तिला कशासाठीही थांबायची गरज नव्हती.